दीडशहाण्यांचा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात पहिल्या पानावर, घडीच्या वर, तुम्ही एक बातमी चौकटीत छापलीत. मथळा होता 'आइन्स्टाइनलाही टाकले मागे!' ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अकरा वर्षांच्या एका भारतीय वंशाच्या मुलीला बुद्ध्यंक चाचणीत 162 गुण मिळाले, आइन्स्टाइन आणि हॉकिंग या शास्त्रज्ञांचा बुद्ध्यंक 160, म्हणजे पोरगी दोघांच्याही दोन पावलं पुढे. शेजारी फोटो, हातात प्रमाणपत्र, मागे आईबाबा. मुलीचं कौतुक आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण हीच बातमी मी गेल्या दहा-बारा वर्षांत निरनिराळ्या पेपरांत निदान सहा वेळा तरी वाचली असेल. कधी मुलगी असते, कधी मुलगा. गाव बदलतं, फोटो बदलतो, 162 काही बदलत नाही. सगळ्या हुशार पोरांना नेमके 162च कसे पडतात, हा प्रश्न तुमच्याकडे कुणालाच पडला नाही का?

पडतात, कारण त्यापुढे गुणच नाहीत. ज्या पेपरवरून या बातम्या होत आल्या, तो मेन्सा या जास्त बुद्ध्यंकवाल्यांच्या संस्थेच्या प्रवेशाचा 'कॅटेल थ्री बी' पेपर. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांना जास्तीत जास्त 162 मिळू शकतात आणि मोठ्यांना 161. दहावीला गणितात पैकीच्या पैकी पडणारी मुलं आपल्याकडे दरवर्षी निघतात. 'रामानुजनशी बरोबरी' असा मथळा त्यांच्यावर कुणी करत नाही.

बरं, पट्टीही निराळी. कुठल्याही पट्टीवर मधला माणूस 100 वर धरतात, इथपर्यंत सारखं. पण त्या पेपरात प्रमाण विचलन, म्हणजे गुण 100 च्या मागेपुढे किती पसरतात त्याचं माप, 24 धरलेलं आहे आणि दवाखान्यांत जास्त चालणाऱ्या वेक्सलरच्या पट्टीवर ते 15 आहे. म्हणून मेन्साचं दार एका पट्टीवर 148 ला उघडतं आणि दुसरीवर 130 ला. माणूस तोच, शंभरातल्या वरच्या दोघांतला. या हिशेबाने 162 म्हणजे वेक्सलरवर साधारण 139, दोनशेत एक. आमच्या इथल्या हायस्कूलचा पट दोन हजारांचा आहे, म्हणजे अशी दहा मुलं तिथेही असायला हरकत नाही, त्यांतली दोन-तीन बहुधा मधल्या सुट्टीत ग्राउंडवर क्रिकेट खेळत असतील. घरात पोराला 102 ताप आहे म्हटल्यावर कुणी 'अरे बापरे, पाणी उकळलं' असं ओरडत नाही, कारण तो आकडा फॅरनहाइटचा आहे हे आजीलाही कळतं. बुद्ध्यंकाच्या बाबतीत मात्र पट्टी कुठली, हे कुणी विचारतच नाही.

आइन्स्टाइनने अशी चाचणी कधी दिल्याची नोंद नाही. त्यांच्या नावावरचे 160 कुणी तरी मागाहून चिकटवलेले आहेत. हॉकिंग यांना 2004 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मुलाखतीत त्यांचा बुद्ध्यंक विचारला होता. त्यांनी सांगितलं की आपल्याला कल्पना नाही, आणि बुद्ध्यंकाची फुशारकी मारणारे लोक 'लूझर्स' असतात. तुम्ही त्या मुलीला नेमकं त्यांच्याच शेजारी नेऊन उभं केलंत.

एवढं तावातावाने लिहायचं कारण सांगते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात 1986 ते 2017 अशी एकतीस वर्षं मी मानसशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेणं हेच माझं मुख्य काम. किती घेतल्या ते मोजलेलं नाही, पण चार-पाच हजारांच्या घरात असतील. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर पोर, हातात स्टॉपवॉच, पुढ्यात ठोकळे आणि चित्रांची कार्डं. बाहेर बाकावर आई चपला काढून बसलेली. प्रश्न काय असतात ते मी इथे लिहिणार नाही. प्रश्न फुटले की चाचणी मेली, आणि निवृत्त झाले तरी तेवढं पथ्य मी पाळते.

या चाचणीचा उगमच तुमच्या मथळ्याच्या उलट दिशेचा आहे. फ्रान्समध्ये 1904 साली शिक्षण खात्याने एक समिती नेमली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी. वर्गात ज्यांना झेपत नाही त्यांना ओळखून वेगळी मदत कशी द्यायची, हा प्रश्न होता. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पहिली चाचणी तयार केली. आंधळी कोशिंबीर खेळताना भिंतीवर आपटणाऱ्या पोराचा हात धरावा, तशी. पुढे 1912 मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची युक्ती काढली, आणि अमेरिकेत त्याला शंभराने गुणायला लागले. दहा वर्षांच्या मुलाने पंधरा वर्षांच्या मुलासारखी उत्तरं दिली तर पंधरा भागिले दहा, गुणिले शंभर, झाले दीडशे.

दीडशे म्हणजे दीडपट शहाणा. दीडशहाणा! आपल्या पूर्वजांनी भागाकार न करताच हा बुद्ध्यंक काढून ठेवला होता, आणि तो कौतुकाने खचितच नाही. (नव्या चाचण्यांत आता हा भागाकार करत नाहीत. मुलाची तुलना त्याच्या वयाच्या इतर मुलांशी करतात. पण शब्द माझ्या डोक्यात बसलाय तो बसलाय.)

आपल्याकडे ही चाचणी आणली व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाडच्या कन्नड आणि मराठी मुलांवर तपासून त्यांनी 1934 मध्ये ती बेतली. बिने-कामत म्हणून आजही ती सरकारी दवाखान्यांत चालते. दुसरी वेक्सलरवरून नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी केलेली. मी दोन्ही वापरल्या. कामतांविषयी मला फार आदर आहे. त्या काळात हाताने कोष्टकं मांडून एवढ्या पोरांची मापं काढायची म्हणजे गंमत नाही. पण कुठल्या वयाच्या मुलाला साधारण किती जमतं हे सांगणारी त्यांची कोष्टकं नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांची आहेत. मुलांचे गुण पिढीगणिक चढत जातात हे जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवलं. अमेरिकेत 1932 ते 1978 या काळात ही वाढ जवळपास 14 गुणांची भरली. कारण पोरं जास्त शाळेत गेली, जास्त छापील कागद बघितला, जास्त कोडी सोडवली. म्हणजे आजच्या शहरी मुलाला जुन्या कोष्टकाला लावलं की त्याचा आकडा आपोआप फुगतो. कुणाच्याही नातवाला प्रज्ञावंत करून द्यायचा झाला तर मला फक्त जुनं कोष्टक पुरे.

आता बोर्डाच्या दिवसाचं सांगते. आमच्याकडे बुधवारी अपंग प्रमाणपत्राचं बोर्ड बसायचं. 2009 सालची गोष्ट असेल. सकाळच्या एसटीने एक बाई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलगा पाचवीत, पण वाचता येत नव्हतं. आई आठवडी बाजारात भाजी विकायची. मुलगा मोड नीट द्यायचा, म्हणे. मी दीड तास चाचणी घेतली. आकडे सरळ म्हणायचा, उलटे म्हणायला सांगितलं की हसायचा, पुन्हा सरळच म्हणायचा. ठोकळ्यांच्या वेळेला मात्र जिभेचं टोक बाहेर काढून असा बसला की वेळ संपली तरी मला त्याच्या हातातून ठोकळे काढून घेववेना. बेरीज आली 72.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे 50 ते 69 असेल तर 50 टक्के अपंगत्व, 70 ते 79 असेल तर 25 टक्के. एसटीची सवलत म्हणा, अनुदान म्हणा, सगळ्याला किमान 40 टक्के लागायचे. 72 म्हणजे हाती काही नाही. बाईला मी समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "बाई, तेवढं तीन मार्क कमी करा की वो. जास्तीच्या तीन मार्कांचं मी काय लोणचं घालू?"

या चाचण्यांत पाचेक गुणांचा मागेपुढे फरक धरावाच लागतो, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. 72 म्हणजे खरं तर '67 ते 77 च्या मधे कुठे तरी'. पण फॉर्मवर चौकट एकच असते, तिच्यात 'कुठे तरी' लिहिता येत नाही. मी 72 लिहिलं. बरोबर लिहिलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी अध्ययन अक्षमतेची निराळी सवलत असते, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे, पण तिच्यासाठी बुद्ध्यंक 85 च्या आसपास किंवा वर हवा. 70 ते 84 मधल्या पोरांना 'स्लो लर्नर' म्हणतात आणि घरी पाठवतात. अंगाने धड, बोलायला चालायला नीट, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाहीत. संख्येने ही मुलं दोनशेत एकवाल्यांच्या कितीतरी पट आहेत. त्यांच्यावर चौकट मी तुमच्या पेपरात अजून पाहिलेली नाही.

त्याच आठवड्यात की पुढच्या, नक्की आठवत नाही, एक गृहस्थ ओळखीची चिठ्ठी घेऊन आले. मुलगा नऊ वर्षांचा, शहरातल्या महागड्या शाळेत. हातात गुळगुळीत कागदाची फाइल. दहा बोटांच्या ठशांवरून मेंदूचा अहवाल, त्यात पोराचा बुद्ध्यंक 140, शिवाय तो पुढे नेता होणार की संगीतकार तेही लिहिलेलं. त्यासाठी त्यांनी मोजलेली रक्कम ऐकून आमच्या शिपायाने मोठा 'आँ' केला. बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार सापडतो, बुद्धी सापडत नाही, असं मी म्हटलं. ते त्यांना पटलं नाही. मग रीतसर चाचणी घेतली, 112 आले. चांगले आहेत, वर्गातल्या पाचांतल्या चौघांच्या पुढे पोरगा. गृहस्थांचा चेहरा पडला. "मॅडम, पुन्हा घ्या ना, आज त्याला सर्दी आहे." पोरगा बाजूला उभा राहून पँटच्या खिशात हात घालून ऐकत होता. सर्दीबिर्दी काही नव्हती. जाताना त्याने मला हळूच विचारलं, "एकशे बारा म्हणजे नापास का?"

एका बाईला तीन कमी हवे होते आणि एका साहेबांना अठ्ठावीस जास्त. मधे मी, आणि माझं स्टॉपवॉच.

मी फार शहाणी असल्यासारखं वाटत असेल तर माझंही सांगून टाकते. 1991 साली माझा मुलगा सात वर्षांचा होता. स्वतःच्या मुलाची चाचणी घेऊ नये हे मला माहीत होतं, आणि तरी एका रविवारी मालिनची पेटी घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ती घेतली. 131 आले. तेवढ्यावर थांबायचं, तर मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर तो आकडा अख्ख्या आळीला वाटला. "आमच्या नातवाचा एकशे एकतीस आहे, बाई डॉक्टरच आहे ना ती." (मी डॉक्टर नव्हते.) पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. शेजारच्या मुलीबरोबर रोज बुद्धिबळ खेळायचा, ती दोनदा जिंकल्यावर पट पलंगाखाली गेला तो परत आला नाही. जे गणित पहिल्या दमात सुटेना ते "हे आम्हाला शिकवलेलंच नाही" म्हणून बाजूला. चौथीच्या शिष्यवृत्तीला बसला, यादीत नाव आलं नाही. त्यातही गंमत अशी की कमी गुण 'बुद्धिमत्ता चाचणी' नावाच्या पेपरातच. मित्रांना त्याने वीस गुण वाढवून सांगितले, हे मला त्या मित्राच्या आईकडून कळलं.

त्यानंतर काही वर्षांनी, 1998 मध्ये, क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हणाले, काहींना 'तू खूप प्रयत्न केलास'. हुशार म्हटलेल्यांनी पुढे अवघड कामं टाळली, आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवायची वेळ आली तेव्हा त्यांतल्या दर पाचांतल्या जवळजवळ दोघांनी ते वाढवून लिहिले. तो निबंध वाचताना मला आमचं हळदीकुंकू आठवत होतं. मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला, एका कारखान्यात दर्जा तपासणीच्या खात्यात आहे, सुखी आहे. घरी काही विसरला की सून म्हणते, "एकशे एकतीस, गॅस बंद करा."

शिष्यवृत्तीच्या त्या पेपराचंही एकदा बोलायला हवं. आरशातली प्रतिमा, मालिका पूर्ण करा, वेगळा घटक ओळखा, घड्याळाच्या काट्यांचे कोन. दोन पिढ्या महाराष्ट्राने याचे गाइड पाठ केले आणि त्याला बुद्धी म्हटलं. सरावाने गुण वाढतात यात गैर काही नाही, पण ज्याच्या वडिलांना क्लास परवडतो त्याची मालिका आधी पूर्ण होते. मग तोच मोठा झाल्यावर मोबाइलवर 'हे कोडं फक्त दोन टक्के लोक सोडवू शकतात' असलं काही आलं की उत्तर टाकून खाली आपली पदवी लिहितो. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर असे तिघे आहेत. तिघांची उत्तरं निराळी येतात.

हुशार मुलं शोधूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती अशाच मुलांसाठी, चाचण्या लावूनच. पण तिथे पुढचा प्रश्न असतो की या डोक्याचा समाजाला उपयोग काय. आकडा हा तिथे प्रवेशाचा कागद असतो. तुमच्याकडे तो थेट पहिल्या पानावर येतो.

तर माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी (आणि पुढची वेळ येणारच, 162 कुठे जात नाहीत) चाचणी कुठली, पट्टी कुठली आणि शंभरात कितवा, एवढं तरी बातमीदाराला विचारायला सांगा. आइन्स्टाइनला मथळ्यातून सुट्टी द्या. मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि आकडा एकत्र छापू नका. रक्तातल्या साखरेचा अहवाल तुम्ही कुणाच्या फोटोखाली छापत नाही. आणि रविवारच्या पुरवणीत एखादं पान 70 ते 84 मधल्या मुलांना द्या. माहिती हवी असेल तर मी देईन, मानधन नको.

माझं नाव आणि गाव मात्र छापू नये ही विनंती. भाजीवाल्या बाईंचा मुलगा आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. सायकलवर त्याची पेपरची लाइन आहे, आमच्या गल्लीतही तोच टाकतो. वाचायला कधी, कुणाकडून शिकला ते मी विचारलेलं नाही. पण पावसात वाटप थांबलं की आमच्या जिन्यात बसून तो तुमचाच पेपर वाचतो, एका पानाला अर्धा तास, ओठ हलवत. हे पत्र छापलंत तर त्या दिवशीही वाचेल. तीन मार्कांचा हिशेब त्याच्या आईने त्याला सांगितलाय की नाही, मला माहीत नाही.

आपली,
एक निवृत्त मानसशास्त्रज्ञ